गेमची जुनी मासिकं आणि गाइड स्कॅन करताय? कटिंग मशीनकडे जाण्याआधी हे वाचा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी माझ्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन येतं. "दादा, गेमची जुनी मासिकं स्कॅन केली, जरा बघा ना." उघडून बघितलं की दरवेळी तेच दिसतं. आतल्या बाजूची अक्षरं कापली गेलेली. फोटोंवर जाळीसारख्या लाटा. पान ४७ दोनदा आणि ४८ गायब. जाहिराती 'उगाच जागा खातात' म्हणून गाळलेल्या. मग मी विचारतो, मूळ अंक कुठे आहे? "तो तर रद्दीत दिला ना, स्कॅन झालं म्हटल्यावर."

या कामात दोन गोष्टी एकदाच होतात: अंक सुटा करणं आणि सुट्या पानांचं पहिलं, कच्चं स्कॅन. रंग, सरळ करणं, छाटणं, पीडीएफ हे बाकीचं सगळं दहा वेळा बिघडलं तरी दहा वेळा परत करता येतं. लोक नेमकं उलटं करतात. ते या दोन गोष्टी एका दुपारी उरकतात आणि मग चार रात्री रंग उजळवत बसतात. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

## टप्पा १: आधी कोणता अंक घ्यायचा ते ठरवा

हातातला अंक आधीच कोणी नीट स्कॅन केलाय का, ते इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर शोधा. परदेशी मासिकं आणि प्रिमा, ब्रॅडीगेम्ससारख्या प्रकाशकांची जाडजूड गाइडं बऱ्याचदा सापडतात. तुमच्याकडची प्रत त्याच आवृत्तीची असेल आणि तिथलं स्कॅन स्वच्छ असेल, तर तुमचा वेळ दुसऱ्या अंकाला द्या.

आपल्याकडची छपाई मात्र आधी हाती घ्या. 'स्कोअर', 'डिजिट', 'चिप' यांचे भारतीय अंक, त्यांच्यासोबत आलेल्या छोट्या पुस्तिका, पोस्टरं. आणि सगळ्यात आधी सायबर कॅफेच्या काउंटरवर मिळणाऱ्या चीट कोडच्या, म्हणजे गेममध्ये टाइप करायच्या गुप्त शब्दांच्या, पिन मारलेल्या पुस्तिका. त्या स्वस्त कागदावर काळ्या शाईत छापलेल्या असायच्या. त्यांच्यावर प्रकाशकाचं नाव नसायचं, त्या जपून ठेवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याकडच्या अशा एका पुस्तिकेत 'व्हाइस सिटी' या गेमच्या पानावर कोणीतरी निळ्या बॉलपेनने कोडच्या बाजूला खुणा केल्यात आणि खाली लिहिलंय, "हा चालत नाही, स्पेलिंग चूक आहे." तपासून बघितलं, खरंच छपाईची चूक होती. असं लिखाण खोडरबरने पुसू नका आणि संगणकावरही पुसू नका. तोही त्या पानाचाच भाग आहे.

## टप्पा २: जागा आणि मोसम

नागपुरात याला मोसमाचा हिशोब लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरची ओली हवा चकचकीत कागदाची दुश्मन आहे. तासाभरात सुट्या पानांना लाटा येतात. लाट आलेलं पान काचेला सपाट टेकत नाही आणि स्कॅनमध्ये मध्येच धूसर पट्टा येतो. पावसाळ्यात ओल असतेच. मी हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करतो. उन्हाळ्यात करावंच लागलं, तर पहाटे पाच ते आठ, कूलर बंद ठेवून.

अंक माळ्यावरून काढला असेल, तर तो थेट स्कॅनरजवळ आणू नका. गच्चीवर किंवा बाल्कनीत, सावलीत, मऊ ब्रशने प्रत्येक पान झटका. कसर असेल तर पाठीच्या आतल्या बाजूला बारीक कुरतडलेलं दिसतं. वाळवीची माती दिसली तर तो अंक बाकीच्यांपासून लांब, बंद पिशवीत ठेवा. बुरशीचा वास येत असेल तर मास्क लावा आणि पूर्ण सुकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

थांबा: चकचकीत पानं ओल्या फडक्याने कधीही पुसू नका. त्या कागदावर जो लेप असतो तो पाण्याने चिकट होतो आणि सुकताना शेजारच्या पानाला धरून बसतो. आधीच चिकटलेली पानं ओढलीत तर छापलेलं सगळं सोलून निघेल. ती तशीच राहू द्या, नोंदीत लिहा, पुढे चला.

## टप्पा ३: पानमोजणी, अंक अजून बांधलेला असतानाच

सर्वात जास्त चुका इथे होतात, कारण हा टप्पा लोक करतच नाहीत.

वही घ्या. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत प्रत्येक बाजू मोजा. मुखपृष्ठ १, त्याची आतली बाजू २, असं. छापलेला पान क्रमांक आणि तुमचा क्रमांक बहुतेक वेळा जुळत नाही. काही मासिकं मुखपृष्ठ मोजतात, काही मोजत नाहीत, मध्ये घातलेली जाहिरातीची जाड पानं तर कोणीच मोजत नाही. दोन्ही क्रमांक लिहून ठेवा.

वहीत एवढं तरी हवं:

- नाव, महिना, वर्ष, छापील किंमत
- एकूण बाजू किती (हा आकडा पुढे तीनदा लागेल)
- कोणती पानं नाहीत, फाटली आहेत, कात्रीने कापली आहेत
- दोन पानांवर पसरलेली चित्रं आणि नकाशे कुठे आहेत
- घडी घातलेली पोस्टरं, स्टिकर, वर्गणीची कार्डं, सीडी किंवा डीव्हीडी

सीडी असेल तर ती आजच बाहेर काढा आणि तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, करून ठेवा. नुसत्या फाइली कॉपी करून भागत नाही. सीडीवरची छपाई आणि तिचं पाकीटही स्कॅन करायचं आहे.

अंक अजून अख्खा आहे तोवर मोबाइलने मुखपृष्ठाचे, पाठीचे आणि दोन-चार उघड्या जोडपानांचे फोटो काढून ठेवा. पाठीवरचा मजकूर पुढे कापला गेला, तर त्याची हीच एक आठवण उरते.

तपासा: वहीतला आकडा सम आहे का? प्रत्येक पानाला दोनच बाजू असतात. विषम आला तर मोजताना चुकलात. पिना मारलेल्या अंकात पूर्ण आकडा ४ ने भागला जायला हवा, कारण तिथे एक कागद म्हणजे चार बाजू. भागला जात नसेल तर पान गेलंय किंवा एखादं सुटं पान घातलंय.

## टप्पा ४: यंत्र कोणतं

फ्लॅटबेड स्कॅनर दोन जातींचे असतात. स्वस्त, पातळ, यूएसबीवरच चालणारे कॅनन लाइड ३०० किंवा एप्सन व्ही ३९ यांच्यात प्रतिमा टिपणारी सीआयएस पट्टी असते. काचेला टेकलेलं तेवढंच ती स्पष्ट टिपते. पान एखादा मिलिमीटर उचललं की धूसर. एप्सन व्ही ६०० सारख्या जाड स्कॅनरांत सीसीडी नावाचा सेन्सर असतो, त्याला थोडी उंची चालते. म्हणून हिशोब सोपा आहे: पानं सुटी करणार असाल तर सीआयएसवर उत्तम काम होतं. अंक बांधलेलाच ठेवायचा असेल तर सीसीडी घ्या, नाहीतर मधल्या घडीजवळची अक्षरं वाचता येणार नाहीत.

पानं आपोआप ओढणारा फीडर काळ्या-पांढऱ्या, साध्या कागदाला ठीक आहे. चकचकीत पानं तो दोन-दोन ओढतो, आणि आत धुळीचा एक कण अडकला तर पुढच्या सगळ्या पानांवर वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ येते. झेरॉक्सच्या दुकानात गठ्ठा देऊन येणाऱ्यांच्या फाइलींत मला ही रेघ हमखास दिसते.

मोबाइलचं स्कॅनर ॲप या कामाला नको. ते तिरपं पान ओढून सरळ करतं, सावल्या पुसतं, कागद पांढराशुभ्र करतं. किराण्याच्या बिलासाठी ते उत्तम आहे.

## टप्पा ५: अंक सुटा करणं

हे बांधणीवर अवलंबून आहे. आधी पाठ बघा.

मधोमध पिना मारलेला अंक. कापायचं कारणच नाही. मधलं पान उघडा, पातळ, बोथट चाकूने किंवा जुन्या स्टीलच्या पट्टीने पिनांचे पाय सरळ करा, मग बाहेरच्या बाजूने पिन ओढा. गंजलेली पिन ओढताना कागद फाटतो. तिथे पाय मोडून काढा. सुटे कागद मधल्या घडीत उलटे घडी घालू नका, चकचकीत लेपाला तडा जाऊन पांढरी रेघ पडते. असा कागद ए-फोर स्कॅनरवर अर्धा-अर्धा ठेवूनच स्कॅन करा.

चिकटवलेली सपाट पाठ, म्हणजे परफेक्ट बाइंडिंग. बहुतेक गाइडं आणि जाड अंक असेच असतात. पाठीचा गोंद गरम केला की मऊ पडतो. हेअर ड्रायर पाठीवर मिनिट-दीड मिनिट फिरवा, मुखपृष्ठ हळूच सोडवा, मग एकेक पान गोंदातून आडवं ओढून काढा. पानाला राहिलेला गोंद कोमट असतानाच बोटाने गोळा करून घ्या, नाहीतर तो काचेवर जाऊन बसेल. काही नव्या गाइडांचा गोंद कितीही तापवला तरी सुटत नाही. पानं सुटण्याऐवजी फाटू लागली की ओळखा, थांबा, आणि ते कापायच्या ढिगात टाका.

कापावंच लागलं तर. नागपुरात असाल तर महाल-इतवारीकडच्या एखाद्या बाइंडरकडे जा. त्यांच्या कटिंग मशीनवर एका दाबात सरळ काप बसतो, घरच्या कटरने तो कधीच बसत नाही. पण सांगायचं तुम्ही. माझ्या पहिल्या गाइडच्या वेळी बाइंडर म्हणाला, "भाऊ, सरळ करून देऊ का?" मी मान हलवली. त्याने सवयीप्रमाणे चारही बाजूंनी छाटून चौकोनी, देखणा गठ्ठा दिला. कडेला छापलेले विभागांचे रंगीत टॅब, पान क्रमांक, सगळं त्याच्या पायाशी कचऱ्यात. तेव्हापासून मी पाठीवर पेन्सिलने रेघ मारून नेतो आणि समोर उभा राहतो: "फक्त पाठ, तीन मिलिमीटर, बाकी हात लावू नका." जाड गाइड असेल तर आधी मुखपृष्ठ काढून घ्या आणि गठ्ठ्याचे दोन-तीन भाग करून द्या, म्हणजे पातं वाकत नाही.

दोऱ्याने शिवलेलं पुठ्ठा बांधणीचं गाइड. हे कापू नका. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेले असतात, पुस्तक बऱ्यापैकी सपाट उघडतं. सीसीडी स्कॅनरवर, किंवा वर कॅमेरा बांधून, जोडपानं घ्या.

पानं सुटी झाली की दर वीस पानांनी एक साधी कागदाची चिठ्ठी घाला आणि त्यावर वहीतला क्रमांक लिहा. गठ्ठा हातातून पडतो. सगळ्यांच्या पडतो.

## टप्पा ६: तीन पानांची चाचणी

अख्खा अंक सुरू करण्याआधी तीन पानं निवडा: एक गडद (गेमचं रात्रीचं दृश्य), एक जवळपास पांढरं, आणि एक जिथे फोटोवर बारीक अक्षरं आहेत. या तिघांवर सगळं ठरवा, मग सेटिंग गोठवा.

रिझोल्यूशन. मासिकातला फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. चकचकीत मासिकांत साधारण १३३ ते १७५ रेघा दर इंचाला असतात. स्कॅनरचे ठिपके आणि छपाईचे ठिपके एकमेकांवर पडले की लाटा उठतात. ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) त्या बऱ्याचदा पानातच भाजल्या जातात, मग कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाहीत. ६०० वर स्कॅनर प्रत्येक ठिपका वेगळा टिपतो आणि जाळी नंतर सावकाश मिटवता येते. म्हणून रंगीत पानाला ६००. चीट कोडच्या काळ्या पुस्तिकेत फोटो नसतील तर ४०० ग्रेस्केल (करड्या छटांत) पुरतं. शुद्ध काळं-पांढरं मोड कधीच नको, त्यात फिकट अक्षरं तुटतात. आणि १२०० करून काही मिळत नाही, फक्त डिस्क भरते.

फाइल. टिफ किंवा पीएनजी. जेपेग नको, ते दाबताना तपशील गाळतं. ए-फोर पान ६०० डीपीआयला ४९६१ गुणिले ७०१६ पिक्सेल, म्हणजे न दाबलेल्या टिफमध्ये सुमारे १०४ एमबी. शंभर बाजूंच्या अंकाला साधारण १० जीबी मोकळी जागा सुरुवातीलाच लागते. ही मोकळी नसेल तर आज सुरू करू नका.

बंद करायच्या गोष्टी. आपोआप एक्सपोजर, रंग दुरुस्ती, धार वाढवणं, धूळ काढणं, जाळी मिटवणं (डीस्क्रीन), आपोआप छाटणं. सगळं बंद. आपोआप एक्सपोजर चालू राहिलं तर स्कॅनर दर पानाला नवा निर्णय घेतो आणि एकाच अंकाचा कागद कधी पिवळा, कधी निळसर दिसतो. नॅप्स-टू हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. व्ह्यूस्कॅन विकत घ्यावं लागतं, पण एक्सपोजर एका आकड्यावर बांधता येतं, म्हणून मी तेच वापरतो.

पाठीमागे काळा कागद. हे कोणी सांगत नाही. पातळ पानाच्या मागची छपाई आरपार दिसते, कारण स्कॅनरच्या झाकणाची आतली बाजू पांढरी असते आणि प्रकाश परत फेकते. पानावर मॅट काळा कार्डशीट ठेवा. पान किंचित गडद दिसेल, ते नंतर सावरता येतं. पण मागची अक्षरं जवळपास नाहीशी होतात. शिवाय काळ्यावर पानाची कड स्पष्ट दिसते, त्यामुळे छाटणं आणि सरळ करणं सोपं जातं.

तिन्ही पानं पडद्यावर १०० टक्के झूम करून बघा. गडद पानात सावलीतला तपशील दिसतोय का? पांढऱ्यात कागदाचा पोत आहे, की सगळं फटफटीत झालंय? समाधान झालं की सेटिंग वहीत उतरवा. अशाच छपाईचे पुढचे सगळे अंक याच सेटिंगवर.

## टप्पा ७: स्कॅन

काच मायक्रोफायबर फडक्याने पुसा. द्रव फडक्यावर घ्या, काचेवर शिंपडू नका, तो कडेने आत उतरतो आणि काचेच्या खालच्या बाजूला डाग पडतो. कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर जवळ ठेवा. दर दहा पानांनी एक फुंकर, दर वीस पानांनी फडकं.

पान काचेच्या अगदी काठाला टेकवू नका. काठाजवळचा मिलिमीटरभर भाग बहुतेक स्कॅनर टिपत नाहीत. चारही बाजूंनी थोडा काळा कागद दिसला पाहिजे. बहुतेक ए-फोर स्कॅनरची काच २१६ गुणिले २९७ मिलिमीटर असते. पान तिच्याएवढं रुंद असेल तर दोनदा स्कॅन करून जोडा.

आधी सगळ्या विषम बाजू आणि मग सम, अशी युक्ती लोक करतात. मला ती पटत नाही. एक पान राहिलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि कळतं ते शेवटी. पानाची पुढची बाजू, मग मागची, मग पुढचं पान. थोडं हळू होतं, पण चूक तिथल्या तिथे दिसते.

फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवा, कारण झिप करताना काही जुनी सॉफ्टवेअरं देवनागरी नावांचा चुथडा करतात. नावात क्रम असा: मासिक, वर्ष, महिना, तीन अंकी बाजू. ००१, ००२, असं. शून्य विसरलात तर १ नंतर १० येतं आणि मग २. क्रमांक तुमच्या वहीतला, छापील नव्हे.

पोस्टर मोठं असेल तर तुकड्यांत घ्या. दर तुकडा शेजारच्यावर एक-पंचमांश तरी चढला पाहिजे. पोस्टर सरकवायचं, फिरवायचं नाही, म्हणजे प्रकाशाची दिशा बदलत नाही. नंतर हुगिनसारख्या सॉफ्टवेअरने जोडता येतं.

माझ्या सीआयएस यंत्रावर एका बाजूला ठेवणं धरून मिनिटभर लागतं. शंभर बाजू म्हणजे दोन तास, चहासकट. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर लॅपटॉपवर करा आणि दर पान लगेच डिस्कवर उतरू द्या. एकत्र सेव्ह करण्यासाठी साठवून ठेवू नका.

तपासा, दर वीस बाजूंनी: फाइलींची संख्या आणि चिठ्ठीवरचा क्रमांक जुळतो का? जुळत नसेल तर आत्ताच शोधा.

## टप्पा ८: पान हलवण्याआधीची पडताळणी

फोल्डर मोठ्या लघुचित्रांत उघडा आणि डोळ्याने फिरा. दोनदा आलेलं पान आणि उलटं पान असंच सापडतं. मग टप्पा ३ मधला एकूण आकडा आणि फाइलींचा आकडा जुळवा. मग दर पाचवी फाइल १०० टक्क्यांवर उघडून चारही कोपरे आणि आतली कड बघा. एका फाइलमध्ये धूसर पट्टा दिसला तर तिच्या आजूबाजूच्या दहा बघा.

हे झाल्यावर प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइल जराही बदलली तरी बदलणारा तिचा ठसा) काढून एका साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवा. पुढे कधी डिस्क बिघडली, तर नेमकी कोणती पानं खराब झाली ते यावरून कळतं.

आणि आता हे फोल्डर फक्त वाचण्यासाठी, म्हणजे रीड-ओन्ली करा. पुढचं सगळं काम त्याच्या प्रतीवर.

## टप्पा ९: वाचण्याची प्रत

इथे क्रम चुकला की सगळं चिखल होतं. क्रम असा: सरळ करणं, छाटणं, जाळी मिटवणं, डीपीआय अर्ध्यावर आणणं, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी, हवीच तर, थोडी धार.

सरळ करणं आणि छाटणं स्कॅनटेलर ॲडव्हान्स्ड या सॉफ्टवेअरमध्ये होतं. मात्र त्याचा मूळ रोख पुस्तकांवर आहे. सेटिंग बदललं नाही तर ते रंगीत पानाचं काळं-पांढरं करून टाकतं, तेव्हा 'कलर' निवडलंय ना, ते बघा. छाटताना पानाच्या कडेपर्यंत छाटा, मजकुरापर्यंत नाही.

जाळी मिटवायला गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये हलका गॉशियन ब्लर (चित्र किंचित धूसर करणारं फिल्टर), मग ६०० वरून ३०० डीपीआय. ब्लर किती, ते टप्पा ६ मधल्या तीन पानांवर ठरवा: ठिपके विरतात पण बारीक अक्षरांच्या कडा टिकतात, तिथे थांबा. धार आधी वाढवलीत तर ठिपकेच टोकदार होतात आणि मग ते कुठेच जात नाहीत.

रंगात हात आखडता ठेवा. कागद थोडा पिवळसर राहिला तर राहू द्या. पंचवीस वर्षं जुना कागद डिटर्जंटने धुतल्यासारखा दिसायला लागला, की फोटोतले गोरेगोमटे चेहरे आणि फिकट आकाश त्यासोबत गेलंच म्हणून समजा.

## टप्पा १०: पीडीएफ, सीबीझेड आणि मजकूर ओळख

वाचायच्या प्रतीसाठी जेपेग, ९० च्या आसपास गुणवत्ता. त्यांचं पीडीएफ करा. शिवाय त्याच फाइली झिप करून सीबीझेड असं नाव दिलं की कॉमिक वाचायच्या ॲपमध्ये जोडपानं छान उघडतात.

मजकूर शोधता यावा म्हणून ओसीआरमायपीडीएफ वापरा, त्याच्या पोटात टेसरॅक्ट चालतं. इंग्रजी अंकाला इंग्रजी, मराठी मजकूर असेल तर मराठीही जोडा. रंगीत पार्श्वभूमीवरच्या चौकटी ते चुकवतं. ते ठीक आहे, प्रतिमा खाली जशीच्या तशी राहते.

थांबा: पीडीएफ लहान करणारं 'जेबिग-टू'चं लॉसी, म्हणजे तपशील गाळणारं, दाबणं टाळा. ते सारखी दिसणारी अक्षरं एकाच साच्यातून छापतं. २०१३ साली डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवलं, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना ६ च्या जागी ८ टाकत होती, आणि पान दिसायला अगदी स्वच्छ. घरांच्या नकाशावरचे आकडे बदलले होते. चीट कोडच्या पुस्तिकेत ६ चा ८ झाला तर पुढच्या माणसाला तो छापखान्याचा घोळ वाटेल, तुमचा नाही.

## टप्पा ११: साठवण आणि वाटप

प्रत्येक फोल्डरमध्ये वहीतली सगळी माहिती मजकूर फाइल म्हणून टाका. त्यात स्कॅनरचं मॉडेल, डीपीआय, तारीख, आणि कोणती पानं नाहीत, तेही लिहा. प्रती तीन: दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्यांपैकी एक डिस्क दुसऱ्या घरात. माझी एक वर्धा रोडला मामांकडे असते. तिसरी क्लाउडवर, निदान वाचण्याची प्रत. पेन ड्राइव्ह ही प्रत नव्हे, ती फक्त ने-आण करायला. वर्षातून एकदा एसएचए परत काढून जुळवा.

लोकांसाठी खुलं करण्याआधी हक्कांचा विचार करा. प्रकाशन बंद पडलं म्हणून हक्क संपत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या कृतीवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, निनावी लिखाणावर प्रकाशनापासून ६० वर्षं. कलम ५२ मध्ये खाजगी वापर आणि संशोधनाला सवलत आहे. बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल साठवण्याचीही मुभा आहे. म्हणून शहरातल्या एखाद्या वाचनालयाला कच्च्या फाइलींची एक डिस्क आणि मूळ अंक देणं हा मला घरी डिस्कवर डिस्क रचत बसण्यापेक्षा बरा मार्ग वाटतो. विकायचं मात्र अजिबात नाही. बर्डीच्या बाजारात कोणी तुमचीच पीडीएफ प्रिंट काढून विकताना दिसला, तर दोष तुम्ही ती कशी वाटलीत त्याचा.

## सुटी पानं

पानं रद्दीत देऊ नका. दहा वर्षांनी तुमच्यापेक्षा चांगला स्कॅनर असलेला कोणी येईल, त्याला ती लागतील.

वर-खाली अंकापेक्षा किंचित मोठा पुठ्ठा, मध्ये पानं वहीतल्या क्रमाने, पोस्टर आणि सीडी वेगळ्या पाकिटात. सगळं सुती नाड्याने बांधा आणि आडवं ठेवा. माळ्यावर नाही, पलंगाखालीही नाही. कपाटाच्या मधल्या खणात, कूलर असलेल्या खोलीपासून लांब. रबर बँड लावू नका. मी एकदा लावला होता. दोन उन्हाळ्यांनी गठ्ठा काढला तर रबर वितळून मुखपृष्ठावर तपकिरी रेघ होऊन बसलेलं, आणि नखाने खरवडायला गेलो तर त्यासोबत शीर्षकाची दोन अक्षरंही आली.